अनवाणी माणसांची साक्ष

१७६८च्या नोव्हेंबरात बूगनव्हिलच्या पृथ्वीप्रदक्षिणेतली फ्रेंच जहाजं मॉरिशसला लागली. फिलिबेर कॉमर्सन हा त्या मोहिमेवरचा निसर्गतज्ज्ञ तिथेच उतरला आणि पुढे फ्रान्सला परतलाच नाही. उरलेली चार-पाच वर्षं तो बेटाबेटांवरून झाडं, पक्षी आणि मासे गोळा करत, त्यांची चित्रं काढत, टिपणं लिहीत राहिला. १७७३च्या मार्चमध्ये मॉरिशसलाच त्याचा मृत्यू झाला. त्याच्या कागदपत्रांची आणि नमुन्यांची खोकी पॅरिसला पोचली, आणि पुढची कित्येक वर्षं फ्रेंच पंडित त्यातून नवे नवे प्राणी छापत राहिले. या कागदांत एका कुरूप माशाची हकीकत होती.

मॉरिशसच्या भोवती प्रवाळाची भिंत आहे. भिंतीच्या आतलं पाणी उथळ आणि शांत. ओहोटीला ते गुडघ्याएवढं उतरलं की माणसं त्यात चालत जाऊन ऑक्टोपस, शिंपल्या, लहान मासे धरत. ही माणसं म्हणजे बहुतेक आफ्रिकेतून आणि मादागास्करमधून धरून आणलेले गुलाम. त्यांच्या पायांत काही नसे. पाण्याखाली दगडांमध्ये आणखी एक दगड पडलेला असायचा. त्याच्यावर शेवाळ वाढलेलं, अंगभर चामखिळी, खवलं मुळीच नाहीत, तोंड आणि डोळे आभाळाकडे. पाय पडला की माणूस किंचाळून कोसळे. बेटावर या माशाला लाफ म्हणत. कोळी त्याला सापाविंचवाहून जास्त भीत, असं पॅरिसमध्ये छापलं गेलं. भीती छापली गेली. मात्र ती खरी मानायची की नाही, यावर पुढे शंभर वर्षं गेली.

हाच आजचा स्टोनफिश, दगडमासा. त्याच्या एका जातीला लिनिअसनं १७६६मध्ये नाव दिलं, तर मॉरिशसच्या प्रवाळात राहणारी जात १८०१मध्ये ब्लॉख आणि श्नायडर यांच्या ग्रंथात आली. म्हणजे विज्ञानाला मासा माहीत होता. त्याचे काटे मोजलेले होते, पाठीवर तेरा, पोटाखाली तीन, आणि पोटाच्या दोन परांत एकेक. त्या काट्यांतून नेमकं काय बाहेर पडतं, हा प्रश्न मात्र कोणी गंभीरपणे विचारलाच नव्हता.

तो का विचारला गेला नाही, हे कळण्यासाठी युरोपच्या किनाऱ्यावरच्या दुसऱ्या एका माशाकडे जायला हवं. भूमध्य समुद्रात, अटलांटिकच्या युरोपीय किनाऱ्यावर आणि उत्तर समुद्रात वीव्हर नावाचा मासा वाळूत अंग पुरून बसतो. फक्त डोळे आणि पाठीवरचा काळा पर वर दिसतो. त्याच्या पाठीवर काट्यांची छोटी रांग असते, शिवाय दोन्ही कल्ल्यांच्या झाकणावर एकेक मोठा काटा. प्लिनी आणि इलियन या प्राचीन लेखकांनाही त्याचा डंख ठाऊक होता. जाळं उपसताना कोळ्यांच्या हाताला, आंघोळीला उतरलेल्यांच्या पायाला तो लागे. वेदना इतकी, की दांडगा माणूस वाळूत लोळे. फ्रान्समध्ये वीव्हर बाजारात आणायचा तर काटे आधी कापूनच आणायचे, असा सरकारी नियम होता. बाजारातल्या शिपायाला जे कळत होतं, ते मोठ्या विद्वानाला पटत नव्हतं.

हा विद्वान म्हणजे जॉर्ज क्यूव्हिए. त्या काळात प्राणिशास्त्रात त्याच्या शब्दाला केवढं वजन होतं, याची आज कल्पना करणंही अवघड आहे. एका हाडावरून अख्खा प्राणी ओळखणारा माणूस अशी त्याची ख्याती. १८२८पासून त्यानं वालेन्सिएनच्या साथीनं माशांवरचा प्रचंड ग्रंथ खंडाखंडानं काढायला सुरुवात केली. त्यातला त्याचा युक्तिवाद सरळ होता. सापाच्या दातात नळी असते आणि ती विषाच्या पिशवीला जोडलेली असते. वीव्हरच्या काट्यात नळी नाही, ग्रंथीही दिसत नाही. म्हणजे तो जखमेत विष ओतूच शकत नाही. काटा अणकुचीदार आहे, खोल जातो, म्हणून दुखतं, एवढंच. कोळ्यांचं म्हणणं म्हणजे लोकसमजूत.

युक्तिवाद तर्काला धरूनच होता. क्यूव्हिएनं शरीर उघडून पाहिलं होतं आणि त्याला जे दिसलं नाही ते त्यानं नाही म्हटलं. पण साधा काटा कितीही खोल गेला तरी पाय तासाभरात मांडीपर्यंत सुजत नाही, आणि माणूस भान हरपून ओरडत नाही. एवढी एक गोष्ट कोणत्याही बंदरावर अर्धा दिवस उभं राहून विचारता आली असती. मला क्यूव्हिएच्या चुकीपेक्षा हे न विचारणंच जास्त खुपतं. ज्यांना डंख लागे ती माणसं पुरावा म्हणून कोणाच्या हिशेबातच नव्हती.

१८४०च्या सुमारास जॉर्ज ऑलमन या आयरिश निसर्गतज्ज्ञानं लहान वीव्हरच्या डंखावर एक छोटा निबंध लिहिला. काट्याच्या खोबणीत मऊ पेशींचा एक पुंजका आहे, विष तिथेच तयार होत असलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. क्यूव्हिए सापाच्या दाताचा नमुना डोळ्यांसमोर ठेवून पिशवी आणि नळी शोधत राहिला. विष मात्र काट्याच्या कडेलाच, कातडीखाली, उघड्या खोबणीत बसलेलं होतं. तरीही वाद मिटला नाही.

मग १८६४ उजाडलं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आल्बर्ट ग्युंथर यांच्या टेबलावर पनामाच्या किनाऱ्यावरून कॅप्टन डाऊ यांनी पाठवलेला एक मासा आला. चपट्या डोक्याचा, रुंद तोंडाचा, चिखलात बसणारा, ज्यांना टोडफिश म्हणतात त्यांच्यातला. त्याच्या पाठीवर दोन काटे होते आणि कल्ल्यांच्या झाकणावर दोन. ग्युंथरनी काटा तपासला. तो आतून पोकळ निघाला. टोकाशी बारीक भोक, बुडाशी पिशवी, आणि पिशवी दाबली की भोकातून पांढरट द्रव बाहेर. क्यूव्हिएला हवी होती तशी, सापाच्या दातासारखी रचना अखेर एका माशात सापडली. ग्युंथरनी या नव्या माशाचं वर्णन त्याच्या विषेंद्रियासकट छापलं, आणि मासा विषारी असूच शकत नाही हे विधान त्यानंतर कोणाला करता आलं नाही.

गंमत अशी, की टोडफिश, वीव्हर आणि दगडमासा एकमेकांचे जवळचे नातेवाईक नाहीत. तळाशी निपचित पडून राहायचं, भक्ष्य जवळ आलं की गिळायचं, आणि वरून कोणी चावायला आलंच तर काटा द्यायचा, ही राहणी प्रत्येक कुळानं आपापली स्वतंत्र काढली. विषही प्रत्येकाचं स्वतंत्र. म्हणूनच एकाच्या शरीरावरून दुसऱ्याबद्दल निकाल देणं फसवं ठरलं.

दगडमाशाची पाळी यायला आणखी पंचवीस वर्षं लागली. १८८९मध्ये बोतार नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं विषारी माशांवर प्रबंध लिहिला. हिंदी महासागरातल्या त्या जुन्या फ्रेंच बेटांवरचा हा मासा त्यात मुख्य होता. काट्याची खरी करामत तिथे नीट मांडली गेली. दगडमाशाचा काटा जाड आणि ताठ असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना खोल खोबणी, प्रत्येक खोबणीच्या मध्यावर एक लांबट विषग्रंथी, आणि वर चामखिळींनी भरलेल्या जाड कातडीचं म्यान. ग्रंथीला पिळणारा स्नायूच नाही. मासा ठरवून विष उडवू शकत नाही. पाय पडतो, म्यान खाली सरकतं, ग्रंथी त्या दाबाखाली पिचकते आणि विष खोबणीतून वर जखमेत चढतं. किती जोरानं पाय पडला, त्यावर किती विष आत गेलं हे ठरतं. पळून जाणं त्याच्या स्वभावात नाही, अंगावर येणंही नाही. माणसानं तुडवलं तरच त्याच्याकडे शस्त्र आहे.

बोतारच्या वेळेपर्यंत मॉरिशसमधली गुलामगिरी संपून पन्नासएक वर्षं झाली होती आणि उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून नेलेले गिरमिटिये राबत होते. त्यांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर भागातली मराठी कुटुंबंही होती. मॉरिशसचा मराठी समाज हा त्यांचाच वंश. प्रवाळाच्या आतलं हेच उथळ पाणी त्यांच्याही वाट्याला आलं.

कोकणात दगडमाशाची ओळख फारशी नाही, पण काट्याची आहे. शिंगाळा जाळ्यात आला की होडीवरचा अनुभवी माणूस आधी त्याचे तीन काटे मोडतो, दोन बाजूंचे आणि पाठीवरचा एक, आणि मगच त्याला टोपलीत टाकतो. पाकटाच्या शेपटीचा काटाही असाच, पाण्यातच छाटून टाकायचा. हे कोणी पुस्तकातून शिकलेलं नाही. अशीच शिकवण ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या आदिवासींमध्ये नृत्यातून दिली जाई, अशी वर्णनं नोंदलेली आहेत. एक जण पाण्यात काही शोधत चालल्याचा अभिनय करतो, मेणाच्या दगडमाशावर पाय देतो, आणि मग डंख बसलेल्या माणसाची तडफड करून दाखवतो. मेणाच्या माशाला लाकडी काटे लावलेले असतात, तेही खऱ्या माशाइतकेच, तेरा. काटे मोजायला लिनिअसचीच वाट पाहावी लागली असं नाही.

विसाव्या शतकात या विषाची साक्ष द्यायला एक असा माणूस पुढे आला, ज्याच्या शब्दावर प्राणिशास्त्रज्ञ विश्वास ठेवणार होतेच. दक्षिण आफ्रिकेचे जे. एल. बी. स्मिथ. हे मूळचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झाला असं मानलेला सीलाकँथ जिवंत आहे, हे १९३९मध्ये जगाला सांगणारे तेच. १९५०मध्ये ते मोझांबिकच्या पिंडा इथे मासे गोळा करत असताना दगडमाशाचे काटे त्यांच्या अंगठ्यात घुसले. वेदना क्षणागणिक वाढत गेली. त्यांच्याजवळची औषधं निरुपयोगी ठरली. अखेर हात सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात बुडवला आणि त्यांना जाणवण्याइतका आराम पडला. हाताची सूज आणि अशक्तपणा पुढे कित्येक आठवडे राहिला. एरवी माशाचं वर्णन करणाऱ्या या माणसानं १९५१मध्ये 'कोपिया' या शास्त्रीय नियतकालिकात स्वतःच्याच हाताचं वर्णन लिहिलं. १९५७मध्ये त्याच नियतकालिकात त्यांनी दगडमाशाच्या डंखानं झटपट झालेल्या दोन मृत्यूंची नोंद केली.

स्मिथ यांच्या टिपणाचं मोल मला यासाठी वाटतं, की त्यांनी वेदनेला लाजून ती आवरती घेतली नाही. ती कुठून सुरू झाली, कुठवर चढली, कशानं उतरली हे त्यांनी तपशिलानं लिहिलं. आधीच्या दोन शतकांत असंख्य माणसांनी हेच सोसलं होतं, पण लिहिण्याची सोय त्यांच्यापैकी कोणाकडेच नव्हती.

त्याच सुमाराला क्वीन्सलंडच्या केर्न्स गावात ह्यूगो फ्लेकर हे डॉक्टर वेगळं काम करत होते. उत्तर क्वीन्सलंडमध्ये कोणाला काय चावलं, काय डसलं, काय खाऊन कोण आजारी पडलं, याच्या नोंदी ते चिकाटीनं जमवत. ज्या घातक जेलीफिशला १९५६मध्ये 'कायरोनेक्स फ्लेकरी' हे नाव मिळालं, ते त्यांच्यावरूनच. याच केर्न्समध्ये १९५०च्या जुलैत केविन बडन हा वीस वर्षांचा तरुण ताईपान नावाचा महाविषारी साप जिवंत पकडताना दंश होऊन गेला. त्यानं पकडलेला साप विषासाठी मेलबर्नला गेला, आणि १९५५मध्ये ताईपानवरचं प्रतिविष तयार झालं.

हे प्रतिविष करणारी मेलबर्नची संस्था म्हणजे कॉमनवेल्थ सीरम लॅबोरेटरीज. १९१६मध्ये स्थापन झालेली, त्या वेळी पूर्णपणे सरकारी. तिची पद्धत आपल्याला अनोळखी नाही. परळच्या हाफकिन संस्थेनं सापाच्या विषावरचं औषध घोड्यांपासूनच केलं. घोड्याला विषाचा अगदी थोडा डोस द्यायचा, हळूहळू वाढवत न्यायचा, घोड्याच्या रक्तात त्या विषाला निकामी करणारी द्रव्यं तयार झाली की रक्तातून ती वेगळी काढायची. सॉल वीनर या मेलबर्नच्या संस्थेतल्या संशोधकानं १९५६मध्ये रेडबॅक कोळ्याच्या विषावर असंच औषध केलं होतं. आता त्यांनी दगडमासा हातात घेतला.

काम सोपं नव्हतं. सापाला काचेच्या भांड्यावर चावायला लावता येतं. दगडमासा मात्र स्वतःहून काहीच देत नाही. क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावरून मासे मिळवायचे आणि काट्यागणिक ग्रंथीतून विष काढायचं, असं हे काम. एका काट्याच्या दोन ग्रंथींत मिळून पाच ते दहा मिलिग्रॅम विष असतं. शिवाय ते नाजूक. उष्णतेनं त्याचा जोर जातो, आम्ल किंवा अल्कली लागलं तरी जातो. उंदरांवर मोजमाप, मग घोड्यांना वाढते डोस, मग त्यांच्या सीरमनं उंदीर वाचतात का याची पुन्हा तपासणी. १९५९मध्ये वीनर यांचे निबंध ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि प्रतिविष वापरात आलं. माशाच्या विषावरचं हे जगातलं पहिलं प्रतिविष, आणि आजही डॉक्टरांच्या हाती असलेलं एकमेव. एका कुपीत दोन हजार युनिट, म्हणजे वीस मिलिग्रॅम विष निकामी करण्याची ताकद. किती कुप्या द्यायच्या हे जखमेवरची भोकं मोजून ठरवतात. एकदोन भोकांना एक, तीनचारला दोन, त्याहून जास्त असतील तर तीन.

त्या मोजणीत मला सगळा इतिहास दिसतो. क्यूव्हिएनं काट्याकडे पाहून विष नाकारलं होतं. आता डॉक्टर पायावरची भोकं मोजतात आणि त्यावरून विषाचा अंदाज करतात.

पुढचं काम रेणूंच्या पातळीवर गेलं. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९१मध्ये दगडमाशाच्या विषातलं मुख्य घातक प्रथिन वेगळं काढलं आणि त्याला स्टोनस्टॉक्सिन म्हटलं. ते दोन भागांचं असतं. २०१५मध्ये मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या गटानं त्याची स्फटिकरचना उलगडली, तेव्हा एक विलक्षण नातं पुढे आलं. पेशीच्या आवरणात भोक पाडणाऱ्या ज्या प्रथिनानं आपल्या शरीरातल्या रोगप्रतिकारक पेशी रोगट पेशींना मारतात, त्याच प्रथिनाच्या प्राचीन कुळातलं हे विष आहे. रक्तपेशी फुटतात, रक्तदाब कोसळतो, ऊती मरतात, ते असं.

आणि विषारी मासे एकूण किती? दीर्घकाळ पाठ्यपुस्तकांत सुमारे दोनशे जाती असं लिहिलेलं असे. २००६मध्ये अमेरिकेत लिओ स्मिथ आणि वॉर्ड व्हीलर यांनी माशांची वंशावळ मांडून, जिथे विष असण्याची शक्यता दिसली त्या त्या कुळात शरीर उघडून ग्रंथी शोधल्या. आकडा बाराशेच्या वर गेला, आणि नंतरच्या अभ्यासांत आणखी वाढला. विषारी सापांपेक्षा विषारी मासे जास्त निघाले. दोनशे वर्षं शास्त्रज्ञ हे मासे कापत होते, मोजत होते, स्पिरिटच्या बरण्यांत भरत होते, तरी हजारभर जातींच्या काट्यांकडे या नजरेनं कोणी पाहिलंच नव्हतं. इतकंच काय, दगडमाशाच्या कुळातल्या माशांच्या डोळ्याखाली एक काटा आहे, जो बाहेर वळवून पात्यासारखा अडकवता येतो, हे २०१८मध्ये छापलं गेलं. त्यातही लिओ स्मिथच होते.

जपानमध्ये आणि हाँगकाँगमध्ये दगडमासा आवडीनं खातात. काटे काढले की मांस पांढरं आणि घट्ट, आणि शिजवण्याच्या उष्णतेनं विष मोडतं. त्याच गुणाचा आधार प्रथमोपचारालाही आहे. प्रतिविष ऑस्ट्रेलियातच बनतं आणि तिथून फार थोड्या ठिकाणी पोचतं. आपल्याकडे लक्षद्वीप, अंदमान आणि मन्नारचं आखात इथल्या प्रवाळात दगडमासा राहतो, पण प्रतिविष इथे बनत नाही. डंख बसलेल्या माणसाला पाण्यातून ताबडतोब बाहेर काढायचं, कारण भोवळ येऊन गुडघाभर पाण्यातही माणूस बुडतो. मग पाय ४५ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्यात अर्धा ते दीड तास ठेवायचा. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्यानं हातानं पाहायचं. वेदनेनं बधिर झालेला पाय भाजला तरी कळत नाही, आणि अशा भाजलेल्या जखमा डॉक्टरांनी वेळोवेळी पाहिल्या आहेत. पट्टी आवळून बांधायची नाही, चीर द्यायची नाही. नंतर दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि काट्याचा तुकडा आत राहिला आहे का ते पाहायला एक्स-रे. राहिला असेल तर जखम महिनोन्महिने चिघळत राहते.